भिकाची जोड

भिका साक्रीकडचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं गावात पदर पसरून पसाभर धान्य मागितलं आणि हा देवाकडून मागून घेतलेला म्हणून नाव भिका ठेवलं. नावाचा माणसावर परिणाम होतो असं मी मानत नाही. मी असलं काहीच मानत नाही, सिल्वासात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुटलेलं म्हणून काही टाकायचं नाही, हा रोग मात्र भिकाला जन्मापासून होता.

चौऱ्याऐंशी साली तो सिल्वासाजवळच्या सायली गावात एका सूत कंपनीत लागला. त्या दिवसांत इकडे कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि धुळ्याकडची पोरं टेम्पो भरभरून उतरत होती. भिकाचं काम असं की मशीनवर बॉबिन फिरतंय, धागा तुटला की पळत जायचं आणि गाठ मारायची. नियम एकच होता. बॉबिन भरलेलं पाहिजे. मधला धागा खराब निघाला तर कापून टाका, पण तेवढाच दुसरा घालून बॉबिन पुरं करा. कमी भरलेलं बॉबिन सुपरवायझर तोंडावर परत करायचा. भिकाच्या हाडात हा नियम असा मुरला की कंपनी सुटली तरी नियम सुटला नाही. पुढचा सगळा घोळ त्या बॉबिनातून निघालाय.

धाग्यामागे पळून कंटाळल्यावर त्यानं दमणहून एक जुना व्हीसीआर आणला आणि सामरवरणीच्या चाळीतली आपली पुढची खोली दुकान केली. मागच्या खोलीत बायको पुतळाबाई, मुलगी गुड्डी आणि स्टोव्ह. मध्ये पडदा. कॅसेटी भाड्यानं द्यायच्या, सत्यनारायणाला टीव्ही-व्हीसीआर हातगाडीवर घालून पोचवायचे, संध्याकाळी ओट्यासमोर चाळीला पिक्चर दाखवायचं आणि लग्नसराईत वापीहून कॅमेरा भाड्यानं आणून शूटिंग करायचं. शूटिंग तो वाईट करायचा. नवरदेवाला हार घालताना याचा कॅमेरा मंडपाच्या झालरीवर, का तर झालरीची शिवण उसवली होती.

आता कॅसेट म्हटली की ती तुटणारच. आमच्याकडचा पावसाळा तर कॅसेटला बुरशी आणतो, मशीन फीत खाऊन टाकतं. दुसरे दुकानदार काय करायचे, तर खराब तुकडा ब्लेडनं कापायचे, दोन टोकं चिकटवायचे आणि गप बसायचे. दहा-पंधरा मिनिटं गायब झाली तर कोण विचारतंय? भिकाला ते जमेना. तीन तासांचं पिक्चर म्हणजे त्याच्या लेखी तीन तासांचं बॉबिन. तो खराब फीत हातानं मोजायचा, कोपरापासून बोटापर्यंत एक हात. जेवढे हात कापले तेवढेच हात दुसऱ्या कॅसेटमधून कापून आणायचे आणि मध्ये जोडायचे. दुसरी कॅसेट कुठली? तर लोकांनी नाकारलेली लग्नं. झालरीची तक्रार करून जी परत आली होती ती.

मला हे कळलं तो दिवस सांगते. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. परीक्षेचे दिवस आणि संध्याकाळी याच्या टीव्हीचा आवाज सबंध चाळीत. मी पाचसात बाया घेऊन दुकान बंद करायला गेले. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण भिंतीवरच्या जाहिराती आणि कोर्टाच्या नोटिसा वाचून झालं, त्यामुळे मला बोलायला कागद लागत नाही. ओट्यापाशी पोचले तेव्हा पडद्यावर हिरो खलनायकाच्या गुहेच्या पायऱ्या चढत होता. त्यानं हात उगारला, आणि पडद्यावर खरखर करत मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या तर तिथं मी.

मीच. मूठ वर, पदर खोचलेला, "पाणी आमच्या हक्काचं", मागे बँड वाजतोय. परत मुंग्या. खलनायक जमिनीवर आडवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग एकानं मागे वळून मला दारात पाहिलं, उठला आणि त्याची जागा मला दिली.

मी बसले. शेवटपर्यंत बसले. आवाजाचं उद्या बोलू म्हटलं.

ते चित्र कुठून आलं ते सांगायला हवं. आदल्या वर्षी नळासाठी आम्ही मोर्चा काढला होता आणि नाक्यावर समोरून वरात आली. सरकारी कचेरीतल्या अरविंद सावंतांच्या मुलीची. कोकणातली माणसं, रस्ता सोडायला तयार नाहीत. मी तर सोडणारच नव्हते. शेवटी मोर्चा आणि वरात एकमेकांत घुसून बरोबरच चालले, आमच्या घोषणा त्यांच्या बँडच्या ठेक्यात बसल्या आणि टेम्पोवर उभ्या भिकानं सगळं टिपलं. नवरदेव एका कोपऱ्यात आणि बाकी सबंध फीतभर रजनीताई, म्हणजे मी. सावंतांनी कॅसेट परत केली, हे लग्न आमचं नव्हेच म्हणाले. भिकानं ती जपून ठेवली. तुटलेलं टाकायचं नाही, तर चांगलं कसं टाकणार?

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलंच. नुसतं चिकटवून का देत नाही, कुणाला कळणार आहे? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला पाकीट मारायला सांगितलं.

"ताई, लोक तीन तासांचं पिक्चर घेऊन जातात. मी पावणेतीनचं देऊ? मी काय चोर शे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे उत्तर नाही असं फार कमी वेळा होतं.

मग लोकांना त्याची चटक लागली. चाळीत त्याला नावच पडलं, भिकाची जोड. भजीची गाडी लावणारी आक्काबाई कुठल्याशा लग्नात जिलबी खाताना टिपली गेली होती. तो तुकडा एका देवाच्या पिक्चरमध्ये गेला, तोही नेमका भक्तानं हाका मारल्यावर देव प्रकट होतो तिथं. भक्त डोळे मिटून हात जोडतो, मुंग्या येतात, आणि आक्काबाई जिलबी खाते. किलवणीकडच्या बायका ती कॅसेट श्रावणात मुद्दाम न्यायच्या आणि त्या जागी हात जोडायच्या, कारण जोडायची जागा ती होती, समोर कोण आहे ते बघायचं नसतं. काही दिवसांनी आक्काबाईलाही ते पटलं. ती चाळीतली भांडणं सोडवायला लागली. पूर्वी तिला भजीत मीठ जास्त म्हणून बोलणारे लोक आता तिच्यासमोर चप्पल काढून उभे राहायचे.

लोक आपल्या घरच्या कॅसेटी आणून द्यायला लागले. आमच्या पोरीचं बारसं मारामारीत नको, गाण्यात घाला. आमच्या दादाला विमानतळाच्या सीनमध्ये घाला, तो अजून वापीच्या पुढे गेलेला नाही. कंपनीतला एक पोरगा अशी कॅसेट सुट्टीला गावी घेऊन गेला. गावानं त्याला नायिकेच्या बापाशेजारी जेवताना पाहिलं आणि पोरगं सिनेमात गेलं असं ठरवलं. त्याला चांगली स्थळं आली. एक जमलंही. लग्नाचं शूटिंग अर्थातच भिकानं केलं आणि सबंध लग्नात सासऱ्याच्या फेट्याचा सुटलेला शेव दिसतो.

मी स्वतः किती पिक्चरांत आहे ते मला मोजता आलं नाही. मारामारीत फीत लवकर खराब होते, कारण लोक तीच परत परत लावतात. आणि मारामारीत भिका दुसरं कुणाला घालत नसे. बाजारात मला अनोळखी कामगार सलाम करायचे. तालुक्याच्या साहेबांनी एकदा मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. मी म्हटलं, पाहिलंच असेल.

सगळं असं सुरळीत असताना सत्त्याण्णव साली विकी थाळी घेऊन आला. विकी म्हणजे भिकाच्या थोरल्या भावाचा मुलगा. वापीला कॉम्प्युटर क्लास केलेला, खिशाला पेन नाही पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं काकाच्या दुकानात सीडीची चळत ठेवली आणि जाहीर केलं की कॅसेट आता मेली. यात फीत नाही, तुटत नाही, बुरशी नाही, चित्र काचेसारखं.

भिकानं एक उचलली, उलटसुलट केली. तो तिला सीडी कधीच म्हणाला नाही, थाळीच म्हणाला.

"हिच्यात तर मीच दिसतो. पिक्चर कुठं शे?"

विकी म्हणाला, ते आत आहे, डोळ्यांना दिसत नाही. भिका म्हणाला, कॅसेटमध्ये निदान दोरी दिसते. तुटत नाही म्हणतोस, मग जोडायचं कुठं? विकी हसला. जोडायचंच नाही काका. भिकाचा चेहरा उतरला. दुकानात आक्काबाई होती, मीही होते. आक्काबाईनं शांतपणे विचारलं, मग थाळीत आम्ही कुठं बसणार? विकीला प्रश्नच कळला नाही. तो पुढचं सांगायला लागला. म्हणे थाळीही फार दिवसांची नाही, पुढे पिक्चर टेलिफोनच्या तारेतून थेट घरात येणार, दुकानच लागणार नाही. यावर सगळे हसले, कारण त्या वेळी सामरवरणीत फोनच्या तारेतून धड आवाज येत नव्हता. आक्काबाई म्हणाली, पिक्चर चालू असताना कुणी मेल्याचा फोन आला तर तो इंटरवलपर्यंत थांबायचा का?

मी मात्र हसले नाही. मी कोर्टाच्या पायऱ्या चढलेली बाई. विकीचं बोलणं मूर्खपणाचं होतं, पण नळ येणार हेही एकेकाळी लोकांना मूर्खपणाचं वाटलं होतं.

भिका चिडला. शांत माणूस चिडला की त्याला चिडायचं कसं ते माहीत नसतं, तो भलतंच बोलून बसतो. उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मना दुकानमा थाळी आली, तर मना पिंडले कावळा शिवाव नही. ध्यानात ठेवा."

पडद्यामागे पुतळाबाईचा स्टोव्ह बंद झाला. मला तो आवाज बंद झालेला आठवतो.

विकीनं आणलेली चळत भिकानं उचलली आणि नदीकाठी चिंधाच्या वावरात नेली. चिंधा तिथलाच वारली शेतकरी. त्याचा पेरलेला भुईमूग कावळे उकरून खायचे. भिकानं सुतळी ओवून सगळ्या थाळ्या काठ्यांना टांगल्या आणि या एवढ्याच लायकीच्या आहेत म्हणाला. वाऱ्यानं त्या फिरायच्या, ऊन फेकायच्या. कावळे त्या बाजूला फिरकेनासे झाले. चिंधानं भिकाला टोपलीभर शेंगा दिल्या. थाळीचा काहीतरी उपयोग आहे एवढं भिकानं त्या दिवशी मान्य केलं.

पण दुकान बसत चाललं. वापीचा कॅसेटवाला नव्या कॅसेटी आणेना. सिल्वासाच्या स्टँडजवळ सीडीची दोन दुकानं झाली, पोरं तिकडे वळली. भिकाकडे जुन्याच कॅसेटी, आणि त्यांत आता पिक्चर कमी आणि जोड जास्त. एक कॅसेट तर अशी झाली होती की नावं झाल्यावर हिरो एकदाच दिसतो, बाकी तीन तास सामरवरणीच दिसते. तरी चाळ ती आवडीनं बघायची. चाळीच्या आवडीवर मात्र चूल पेटत नाही. पुतळाबाई शेजारच्या कंपनीत डबे द्यायला लागली. गुड्डी आठवीत गेली होती, तिला शाळेतून काढायचं बोलणं एकदा निघालं, तेव्हा पुतळाबाईनं भिकाला काय सुनावलं ते मला आमच्या मधल्या भिंतीतून ऐकू आलं आणि ते मी इथं सांगत नाही.

तिनं माझ्याकडे येऊन एकदाच विषय काढला. सीडीचं मशीन तिनं विकीकडून घेऊन ठेवलंय, म्हणाली, ज्वारीच्या कोठीत. भिकाला माहीत नाही. दुकानात ते लागलं तर गुड्डीची शाळा चालेल, नाही लागलं तर दुकानही जाईल आणि शाळाही. मी म्हटलं, मग लाव की. ती म्हणाली, त्यांनी ते कावळ्याचं बोलून ठेवलंय ना. मी तिला कावळ्यावर एक भाषण दिलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, रजनीताई, तुमचं खरं आहे, पण मला चाळीत राहायचंय.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला भिकाला कावीळ झाली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तो अंगावरच्या चादरीचे सुटलेले दोरे ओढून त्यांना गाठी मारत बसायचा. गेला तेव्हा चादरीला एक कड पूर्ण झाली होती. मी रडणारी बाई नाही. त्या दिवशी मी पंचायतीच्या माणसाशी स्मशानातल्या लाकडांवरून भांडले, तेवढंच केलं.

दहाव्याला सगळी चाळ नदीवर आली. बायकांनी यायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं, मी त्याच्याकडे बघितलं, तो पुढे चालू लागला. आक्काबाई तर आधीच येऊन दगडावर बसली होती. विकीनं पिंड ठेवले. गुरुजी मंत्र म्हणून झाले. मग सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा येईना.

म्हणजे कावळे होते. नदीपलीकडच्या आंब्यावर मोप होते, ओरडतही होते. पण अलीकडे एकही येईना. वर बघून लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि मग सगळे पुतळाबाईकडे. भिका बोलून गेला होता. म्हणजे दुकानात थाळी आली असणार. कुणाला कोठीतलं मशीन माहीत नव्हतं, पण कावळ्याला माहीत आहे असं दिसत होतं.

आपल्यात रीत अशी की कावळा येत नसेल तर मेलेल्याची इच्छा राहिली समजायचं आणि एकेकानं पुढे होऊन वचन द्यायचं. आक्काबाईनं सुरुवात केली. भिका, तुझ्या कॅसेटी कुणी टाकणार नाही. नाही आला. विकीनं हात जोडून सांगितलं, काका, कॉम्प्युटर सोडतो. पलीकडचा एक कावळा उडाला, वर गोल फिरला आणि परत आंब्यावर बसला. लोक म्हणाले, खोटं बोलला म्हणून. कुणी गुड्डीच्या लग्नाचं वचन दिलं, तेव्हा गुड्डीनंच मोठ्यानं नाही म्हटलं. ऊन चढत होतं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात आहे. आक्काबाई म्हणाली, ज्यानं उभ्या जन्मात कमी भरलेलं दिलं नाही, त्याला तुम्ही गवताचा कावळा देणार? गुरुजींनी दर्भ परत पिशवीत ठेवला.

मग आक्काबाईनं पुतळाबाईला सांगितलं की वचन तूच द्यायचंस. दुकानात थाळी येऊ देणार नाही, एवढं म्हण आणि मोकळी हो.

पुतळाबाई उभी राहिली. तिच्या तोंडावर ज्वारीची कोठी स्पष्ट दिसत होती. खोटं बोलून सुटावं तर पिंडापुढे खोटं बोलायची तिची तयारी नाही, आणि खरं वचन द्यावं तर गुड्डीची शाळा त्या पिंडाबरोबर नदीत.

माझं डोकं तापलं. मी कावळ्यांकडे बघत होते आणि कावळे कशाकडे बघतायत ते बघत होते. इतक्यात माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. एक, मग दुसरी. मी वळले तर नदीच्या चढावर चिंधाचं वावर, आणि वावरभर भिकाच्या थाळ्या गरगर फिरतायत.

मला हसू आलं. दहाव्याला हसायचं नसतं, म्हणून मी शिंक आल्यासारखं करून तिथून निघाले. लोकांना वाटलं ताई चिडून गेल्या. मी कुंपण ओलांडून वावरात घुसले. चिंधा माचावर बसला होता. थाळ्या काढायच्या म्हणून मी सांगितलं, तर तो खालीच उतरेना.

"ताई, काढल्या तर कावले येतील."

"तेच पाहिजे मला."

"कावले पाहिजेत?"

"एक पुरे. पण पाठव."

त्याला मी समजावत बसले नाही. सुतळ्या दातांनी तोडल्या, थाळ्या पदरात घेतल्या. शेवटची काढली आणि पलीकडच्या आंब्यावरून काळा ढग उठावा तसे कावळे आले. आले ते थेट चिंधाच्या भुईमुगावर. पिंडाकडे एकानंही बघितलं नाही. ओला, नुकता पेरलेला भुईमूग समोर असताना शिजलेला भात कोण खाणार? मी अंधश्रद्धेविरुद्ध पुष्कळ बोलले आहे, पण कावळे असे वागतील हे कुठल्याच भाषणात नव्हतं.

चिंधा माचावरून खाली आला आणि मातीची ढेकळं उचलून मारायला लागला. तोंडानं मला बोलतोय आणि हातानं कावळ्यांना मारतोय.

आणि त्याच वेळी खाली पुतळाबाईचा आवाज फुटला. मी चढावरून सगळं ऐकलं. ती पिंडाशी बोलत नव्हती, नवऱ्याशी बोलत होती, पडद्यामागून बोलायची तशी.

"मी मशीन आणेल शे. दुकानमा लावसू. गुड्डीले शिकाडसू. तुमले पटत व्हई ते या, नही ते ऱ्हा उपाशी."

चिंधाचं एक मोठं ढेकूळ भुईमुगाच्या मधोमध फुटलं. कावळे उठले. त्यातला एक, बहुतेक ज्याला ते लागलं असेल तो, तिरपा खाली गेला, पुतळाबाईच्या खांद्यावरून सरकला आणि पिंडावर उतरला. चोच मारली. नुसता शिवला नाही, चांगला बसून खायला लागला.

मग आक्काबाई उठली, लुगडं झटकलं आणि कोर्टात निकाल वाचावा तसं म्हणाली, "दिली परवानगी."

मी पदरात थाळ्यांचं ओझं घेऊन चिखलातून खाली आले. आता सांगणार होते सगळ्यांना. कावळा का येत नव्हता, का आला, चिंधाचं ढेकूळ, उजेडाची तिरीप, सगळं. माझ्याकडे पुरावा पदरात होता. तोंड उघडलं. पुतळाबाईनं आधी माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, मग पदराकडे. पदरातून एका थाळीची कड चमकत होती. ती पुढे आली, माझा पदर नीट खोचून ती कड झाकली आणि हळूच म्हणाली, "आज राहू द्या, ताई. आज त्यांचं ऐकू द्या लोकांना."

माझ्या आयुष्यात मला गप्प बसवणाऱ्या दोनच व्यक्ती झाल्या, आणि त्या नवराबायको निघाल्या.

तेराव्यानंतर पुतळाबाईनं मशीन कोठीतून काढून ओट्यावर मांडलं. भिकाचा व्हीसीआर तिनं विकला नाही, शेजारीच ठेवला. पहिल्या संध्याकाळी सगळी चाळ आली, कारण भिकानं स्वतः परवानगी दिलेलं पिक्चर होतं. चित्र खरंच काचेसारखं. एक मुंगी नाही. अर्ध्या तासात लोक चुळबुळायला लागले. देव प्रकट झाला तेव्हा तो देवच निघाला, आक्काबाई नव्हती. बायकांना हात जोडावेत की नाही कळेना. आक्काबाई मान खाली घालून बसली होती, उद्यापासून भजीच्या मिठावरून परत बोलणी बसणार हे तिला दिसत होतं. गुड्डी पुस्तक घेऊन पडद्याजवळ बसली होती, तेवढीच काय ती निवांत.

मारामारी आली. हिरोनं हात उगारला. सबंध चाळीनं सवयीनं माझ्याकडे बघितलं.

आणि थाळी अडकली. हिरोचे चौकोन चौकोन झाले, उगारलेला हात एकीकडे, डोकं दुसरीकडे, आणि खर्र खर्र असा आवाज. विकी धावला, बटणं दाबायला लागला. तुटत नाही म्हणाला होता, त्यामुळे तुटल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

पुतळाबाई पडद्यामागून आली. विकीला बाजूला केलं. थाळी काढली, पदरानं पुसली, स्टुलावर वाऱ्याला ठेवली. मग टीव्हीची वायर ओढून व्हीसीआरला लावली आणि फळीवरून सावंतांच्या लग्नाची कॅसेट उचलून आत ढकलली.

मुंग्या आल्या. लोक सावरून बसले. बँड वाजायला लागला, आणि मी मूठ वर केली.